खटक्याला लागलेलं बोट

कुठल्याही वस्तूला तो आधी उलटा हात लावायचा. पंप असो, फ्रिज असो, पत्र्याची पेटी असो, तळहात नाहीच, बोटांची मागची बाजू. "सुलटा लावला अन् करंट असला तर मूठ आवळती, सुटत न्हाई. उलट्याला झटका बसला की हात आपसूक मागं येतो," असं सांगायचा. आमच्या घरी नवा मिक्सर आला, तेव्हा खोक्यातून काढल्याबरोबर त्यानं त्यालाही तसाच हात लावला. वायरची गुंडाळीसुद्धा सोडली नव्हती. बायको हसली. "हसा वहिनी. हसणारेच चिकटून राहतात," तो म्हणाला.

वारंगा फाट्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. भिंतीला भिंत लागून त्याचं, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बारा वर्षं आखातात कामगारांच्या इमारतींचं लाईट-पाणी सांभाळून तो डोंगरकड्याला घरी परतला होता. तिथला निळा डगला अजून घालायचा. छातीवरचं कंपनीचं नाव मात्र ब्लेडनं उसवून काढलेलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचा हात सोन्याचा आणि जीभ विळ्याची. मिस्त्रीकडे मोटार घेऊन गेलेला माणूस दुरुस्त मोटार आणि भरपूर अपमान घेऊन परत यायचा.

परदेशातले फोन कसे सुरू झाले, ते मी पाहिलंय. डोंगरकड्याचा एक पोरगा आखातात होता. त्याच्या खोलीतला एसी गळायला लागला आणि त्यानं व्हिडिओ कॉल केला. मिस्त्रीनं इथं स्टुलावर बसून त्याच्याकडून तिथला एसी उघडवला, नळी साफ करून घेतली. मग त्याचा नंबर पोरांच्या ग्रुपवर फिरला. आमच्या भागातली लेकरं आता कुठं कुठं आहेत, हे मला त्या फोनांवरून कळलं.

"मामा, हिटर बिघडलाय असं वाटतं," समोरून कुणी म्हणालं की तो खेकसायचा, "काय दिसून राहिलं ते सांग. काय वाटून राहिलं ते तुझ्या बायकूला सांग."

कळमनुरीच्या एका पोरानं इथला मिक्सर अमेरिकेत नेला. तिथं तो नुसता गुरगुरायचा. "तिकडं एकशेवीस व्होल्ट, त्याला लागतात दोनशे तीस. उपाशी हाय तो. तू काय करतो तिकडं?"

"इंजिनीअर आहे."

"कशाचा?"

"कॉम्प्युटरचा."

"मग हात खिशात ठेव."

आम्ही चहाचे कप घेऊन त्याच्या दारात उभे राहायचो आणि पोटभर हसायचो. खरं सांगायचं तर दुसऱ्याची फजिती ऐकायलाच जमायचो.

रस्त्यापलीकडे अण्णांचं बी-बियाण्यांचं दुकान. त्यांची लेक लग्न होऊन कॅनडाला गेली होती. तिचा पासपोर्टचा फॉर्म मीच भरलेला. एका हिवाळ्यात, दिवेलागणीला, तिचा मिस्त्रीला फोन आला. तिकडे तेव्हा सकाळ होती. घरातले सगळे हिटर रोज बंद पडतात, संध्याकाळी आपोआप चालू होतात, नवरा म्हणतो वायरिंग जुनं आहे.

"हिटर लावायची अक्कल न्हाई अन् परदेशात गेली," मिस्त्री म्हणाला. आम्ही हसलो. तीही जरा हसली. मग तिनं मोबाईल भिंतीतल्या बोर्डावर धरला.

मिस्त्री स्टुलावरून उठला. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिला.

"बाई, तिकडचा खटका लोड येऊन पडला तर मधीच थांबतो. मी लई बोर्ड पाहिले तिकडचे. ह्यो पार बंदच्या बाजूला हाय. ह्याला बोट लागलंय कोणाचं तरी."

तिनं मोबाईल बोर्डाच्या आणखी जवळ नेला.

"तुझे मालक कामाला कवा जातेत?"

"आठला."

"अन् घर कवा गार पडतं?"

"ते गेले की," ती हळूच म्हणाली. मिस्त्रीनं मागं वळून आमच्याकडे पाहिलं, "चहा झाला ना? निघा," म्हणाला. बाकीचे गेले. माझं दुकान भिंतीपलीकडेच, मला सगळं ऐकू येत राहिलं.

त्यानं तिला खटका वर करायला सांगितलं. मग तिचा रोज फोन येऊ लागला. दोन दिवस घर उबदार राहिलं. तिसऱ्या दिवशी बोर्डाच्या दाराला कुलूप होतं. नवरा म्हणे सांगून गेला, दिवसभर घरात बसून खातेस, वर शेकायला पण पाहिजे का?

"हे बिघाड न्हाई लेकी," मिस्त्री म्हणाला. त्याचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "हे माझ्यानं दुरुस्त व्हायचं न्हाई. खाली कोण राहतं? एक म्हातारी हाय म्हणली ना? तिला सांग. भाषा येत नसंल तर हाताला धरून वर आण, कुलूप दाखव."

मग तो रस्ता ओलांडून अण्णांकडे गेला आणि सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "बिल वाचवत असंल जावई. तुला काय तकलीफ?"

त्याच आठवड्यात जावयानं तिच्या मोबाईलमधली कॉलची यादी अण्णांना पाठवली. रोज एकाच माणसाचा नंबर. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. फाट्यावर बातमी पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. ज्या तोंडांनी आम्ही हसायचो, त्याच तोंडांनी आता कुजबुजलो, पन्नाशीचा माणूस, लग्न झालेल्या पोरीशी रोज काय बोलतो?

अण्णांच्या दुकानात संध्याकाळी दहा-बारा माणसं बसवली. मिस्त्रीला बोलावलं. अण्णांनी आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल पोत्यावर उभा केला, सगळ्यांना दिसेल असा.

"ह्या माणसानं तुझे कान भरले का न्हाई? सांग."

"व्हय," ती म्हणाली. "मामाच म्हणले, खटका मालकानं पाडला म्हणून. मला काही त्रास न्हाई हितं."

ती सोफ्यावर बसली होती. अंगात जाड कोट, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, हात बाह्यांच्या आत.

मिस्त्रीचा गाल लाल झाला होता. तो वाकून मोबाईलसमोर बसला. "हिटर चालू हाय का बाई?"

"आहे."

"मग टोपी काढ."

तिनं बाजूला कुणाकडे तरी पाहिलं. टोपी काढली नाही. अण्णांनी मोबाईल पालथा घातला.

आम्ही दहा-बारा माणसांनी ते पाहिलं होतं. कुणीतरी मला विचारलं, "तुमची भिंत लागून हाय. तुमी काय ऐकलं?" मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. नुसतं पाहत होता, मागत काही नव्हता. मला फाट्यावर दुकान चालवायचं होतं आणि ती जागा अण्णांच्या भावाची होती.

"मशीनचा आवाज असतो," मी म्हणालो. "मला काही ऐकू येत नाही."

त्यानंतर त्याच्याकडे मोटार घेऊन कुणी फिरकलं नाही. जागेच्या मालकानं दुकान रिकामं करायला सांगितलं. तांब्याच्या तारेची रिळं टेम्पोत चढवताना मी मदतीला गेलो, तर त्यानं माझ्या हातातलं रीळ काढून घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग स्वतः उचलून चढवलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

डोंगरकड्याला तो घरीच बसून असायचा, असं कानावर यायचं. पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला.

अण्णांची लेक त्यानंतर चार महिन्यांनी परत आली. खालच्या म्हातारीला तिनं शेवटी हाताला धरून वर नेलं होतं. म्हातारीनं कुलूप पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. अण्णा आता फाट्यावर सांगतात, लेकीला मी सोडवून आणलं. ऐकणारे माना हलवतात.

घटस्फोटाच्या कागदांच्या कॉप्या काढायला ती माझ्याकडे आली. शेजारी आता मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे, तिकडे पाहत म्हणाली, "मामा कुठं असतेत?"

मी सांगितलं. तिनं काउंटरला धरलं. मग म्हणाली, "मला त्यांच्या घरी न्या."

मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. मिस्त्रीची बायको दारात सोयाबीन पाखडत होती. मी पोरीची ओळख सांगायला लागलो, तेवढ्यात बाईनं सूप खाली ठेवलं.

"वळखलं म्या. काहून आली?"

पोरगी उंबऱ्याजवळ खाली बसली.

"फोन वाजला की उठून बसायचे," मिस्त्रीची बायको म्हणाली. "कावीळ झाली तवाबी. पोरीचा असंल म्हणायचे. तू एक फोन केला न्हाई."

"मोबाईल काढून घेतला होता माझा."

बाई उठून आत गेली. तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली, पेला भरून पोरीच्या पुढ्यात ठेवला.

"पाणी पी. अन् जाय."

मी शेजारीच उन्हात उभा होतो. पेला तिनं एकच आणला होता.