गाडी आज लई पळतीय

"सर, पाय काढा! काढा पाय!"

कदम सरांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीनं हिसका दिला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि तेर गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही रिक्षाच्या चालीनं सरकायला लागलो. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. गाडीला मी एक पॉइंट दोन बार बूस्ट ठरवून दिलं होतं. लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर उमटणाऱ्या नोंदीत, आकडा होता एक पॉइंट सात.

"काल ट्रकला ओव्हरटेक करताना हेच झालं बघ, दत्ता," सर म्हणाले. "निम्म्यात दम सोडला गाडीनं. समोरची एसटी लांब होती म्हणून वाचलो."

कदम सर म्हणजे आयटीआयला मला पाना धरायला शिकवणारे सर. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं टर्बो हॅचबॅक घेतली आणि ट्यूनिंगला धाराशिवात माझ्याच गॅरेजला आणली. ट्यूनिंग म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवणं. दोन महिन्यांपूर्वी ते मीच केलं होतं. त्यामुळं सर एसटीचं बोलले, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना.

टर्बो समजायला अवघड नाही. सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. ते हवेचं प्रेशर म्हणजे बूस्ट. प्रेशर ठरल्यापेक्षा वाढायला लागलं, की वेस्टगेट नावाचं छोटं दार उघडतं आणि धूर पंख्याला टाळून बाहेर जातो. दार कधी उघडायचं हे त्याला एका बारीक नळीतल्या प्रेशरवरून कळतं. दार उघडलं नाही, तर कॉम्प्युटर घाबरून इंजिनाची ताकदच काढून घेतो. त्याला लिम्प मोड म्हणतात. कॉम्प्युटर चुकला, तर पिस्टन फुटतो.

गॅरेजला आलो. मी भरलेल्या आकड्यांचा तक्ता, म्हणजे मॅप, तीनदा तपासला. आकडे बरोबर होते. वेस्टगेटचं दार हातानं हलवलं, मोकळं होतं. तोवर गाडी गार झाली होती. कॉम्प्रेसरनं हवा भरून सगळ्या नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही.

"सर, टर्बोच बदलावा लागंल," मी म्हणालो. खरं तर मला काहीच सुचत नव्हतं.

"बिघडती गरम झाल्यावर, आन् तू बघतोस गार असताना," सर म्हणाले. "मी हेच शिकवलं व्हय तुला?"

गाडी पुन्हा गावाबाहेर पळवून आणली. इंजिन तापलेलं असतानाच बॉनेट उघडलं, कॉम्प्रेसरनं हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. वेस्टगेटच्या नळीच्या टोकाला भराभर बुडबुडे आले. नळी चिमटीत धरली, तर मेणासारखी मऊ.

मग आठवलं. ट्यूनिंगच्या दिवशी जुनी नळी तडकलेली निघाली होती. नव्या नळीचं पार्सल यायचं होतं. आमच्या शेतातल्या ठिबकची काळी बारीक नळी गॅरेजमध्ये पडली होती. माप तंतोतंत बसलं. दोन दिवसांपुरती म्हणून लावली. पार्सल आलं, शेल्फवर गेलं, आणि मी विसरलो. ठिबकची नळी उन्हाला टिकते, पण इंजिनाच्या आचेला नाही. गरम झाली की सैल पडून प्रेशर गळायचं, दार उघडायचंच नाही आणि बूस्ट वाढत जायचं; गार झाली की पुन्हा घट्ट.

हे सरांना सांगताना मला विद्यार्थी असतानाही वाटली नव्हती एवढी लाज वाटली. सर रागावले नाहीत. नळी हातात घेऊन बघत राहिले.

"आजून कुणाला लावलीस?"

सरांच्या गाडीच्या आठवड्यातच भूमच्या जनावरांच्या डॉक्टरांची गाडी ट्यून केली होती, आणि तिलाही हीच ठिबकची नळी लावली होती.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. सरांच्या गाडीला नवी नळी बसवली. तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला.

"अरे दत्ता, लातूरला निघालोय, लेकरं हायत संगं. कळंबजवळ जेवायला थांबलोय. तुला फोन करणारच होतो. गाडी आज लई पळतीय बघ! काय जादू केलीस रे?"

"डॉक्टर, तिथंच थांबा. गाडी चालू करू नका. मी येतोय."

शेल्फवरची उरलेली नळी खिशात घातली. गाडी सरांनी चालवली. पन्नास किलोमीटर मी लॉगकडं बघत होतो. आकडा एक पॉइंट दोनच्या वर गेला नाही.

ढाब्यावर डॉक्टरांची दोन्ही लेकरं बाजेवर बसून शेंगदाणे खात होती. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला. नळी बदलायला दहा मिनिटं लागली. डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. पुढं ते माझ्याकडं गाडी घेऊन आले नाहीत. सर अजून येतात. पण काम झालं की चावी घेण्याआधी स्वतः बॉनेट उघडून बघतात.

गाडी पळत नाही म्हणून कुणी आलं, तर मी आधी चहा सांगतो. गाडी लई पळतीय म्हणून कुणी खूश होऊन फोन केला, की मात्र चपलाही न घालता बाहेर पडतो.