तुरीतलं डुक्कर आणि वाचनालयातले नत्थुजी

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडमागं एक वाचनालय आहे. तिथल्या भिंतीवर कधीकाळी 'शांतता राखा' अशी पाटी होती म्हणतात. ती पडली, फुटली, आणि नवी कोणी लावलीच नाही; कारण पाटी जिथं होती त्याच्या बरोबर खाली नत्थुजी बसत. आता सांगा, दारात पोलीस बसलेला असताना 'चोरी करू नये' असं कोणी लिहून ठेवतं का?

नत्थुजी म्हणजे देवघेवीच्या कौंटरवरचा माणूस. पुस्तक द्यायचं, घ्यायचं, वर्तमानपत्रं दांडीला लावायची, आणि उरलेला सगळा वेळ गावाला गप्प बसवायचं. त्यांच्या हाताशी एक लाकडी पट्टी असे. कोणी कुजबुजलं की टेबलावर टक्. कोणी खोकललं तरी टक्. दाऊदभाई नावाचे सायकलवाले रोज दुपारी पेपर वाचायला येत, त्यांना एकदा उचकी लागली. पट्टी वाजायच्या आत ते उठून बाहेर गेले, नळावर पाणी प्याले आणि ओट्यावरच उभे राहिले, उचकी पूर्ण थांबेपर्यंत.

"अंदर आओ ना भाई," आतून कोणीतरी खूण केली.

"नको बावा," दाऊदभाई खुणेनंच म्हणाले, "एखादी राहिली असन अजून."

एकदा तर वाचनालयासमोरून वरात चालली होती. बँड जोरात, पोट्टे नाचून राहिलेले, नवरदेव घोड्यावर. नत्थुजी नुसते पायरीवर आले आणि ओठांवर बोट ठेवलं. क्लॅरिनेटवाल्याचा फुगलेला गाल तिथंच बसला. ढोल थांबला, झांजा थांबल्या, घोडासुद्धा टापा जपून टाकायला लागला. अख्खी वरात अशी मुकाट्यानं कोपऱ्यापर्यंत गेली, की समोरच्या किराणावाल्यानं घाईघाईनं दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. त्याला वाटलं, कोणी गेलं.

हे सगळं ठीक होतं. पण सवय माणसाच्या मागं मागं घरी येते. पोरीच्या लग्नात, रागिणीच्या, मंगलाष्टकं रंगात आली होती. गुरुजींनी वरचा सूर लावला आणि मंडपातून आवाज आला, "श्श!" गुरुजी थांबले. अर्ध्या लोकांना वाटलं संपलं, त्यांनी अक्षता टाकून दिल्या. उरलेल्या अर्ध्यांनी नंतर टाकल्या. नवरा-नवरीवर शेवटच्या अक्षता दोनदा पडलेलं तेवढं एकच लग्न गावात झालं. जावई अजून सासऱ्यासमोर कुजबुजूनच बोलतो.

खुद्द नत्थुजींचा आवाज तर कधीच बसून गेला होता. वापरच नाही ना! घरी भाकर मागायची तरी ते चोरानं चोराला सांगावं तसं मागत.

"मयतीले आल्यासारखे काहून बोलता हो?" त्यांची बायको सुभद्राबाई विचारायची. तिचा आवाज मात्र देवानं दोघांचा मिळून एकटीलाच दिला होता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग वाचनालय बदलायला लागलं.

म्हणजे आधी लोकच बदलले. पेपर मोबाईलवर आला. कादंबऱ्या नेणाऱ्या बायका मालिकांकडे गेल्या. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका निघाली, ती पोरं स्वतःचीच पुस्तकं घेऊन येत आणि आपणहून इतकी गप्प बसत, की नत्थुजींना पट्टी मारायला जागाच उरली नाही. खाली दुपारी नत्थुजी, दाऊदभाई आणि पंखा, एवढे तिघं. पंखा तेवढा कुरकुरायचा, पण त्याला कोण टोकणार?

वाचनालयाचे अध्यक्ष खुशालराव. कापसाच्या जिनिंगवाले, मोठा माणूस, आवाज तर ट्रॅक्टर चालू असताना बोलून बोलून कमावलेला. त्यांनी नत्थुजींना आणि नव्यानं लागलेल्या करिश्माला अमरावतीला प्रशिक्षणाला पाठवलं. करिश्मा संगणकाचं काम पाहायची, चटपटीत पोरगी. तिथं एक बाई माईकवर सांगत होत्या, "वाचकांशी बोला! ग्रंथालयात आता आवाज घुमला पाहिजे!" आणि हे ऐकता ऐकता नत्थुजींचं बोट आपोआप ओठांकडे गेलं. करिश्मानं ते हात धरून खाली ओढलं, पुन्हा गेलं, पुन्हा ओढलं. शेवटी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं त्यांचा हात आपल्या दप्तराखाली दाबून ठेवला.

परत आल्यावर खुशालरावांनी फर्मान काढलं.

"नत्थुजी, शनिवारी सकायची शाळा सुटली का पोट्ट्यायसाठी गोष्टीचा तास. तुमी सांगायच्या गोष्टी."

"मी?" नत्थुजी कुजबुजले.

"तुमी नाही तं कोन, पंखा? हे पाहा, तीन शनिवार देतो. पोट्टे जमले तं कौंटर तुमचं. नाही जमले तं कौंटरवर करिश्मा बसन आन तुमी मागच्या खोलीत जुन्या पेपरायचे गठ्ठे बांधा."

आता हे कौंटर म्हणजे काय होतं, ते सांगितलं पाहिजे. तिथं एक वेताची खुर्ची होती. इतकी वर्षं बसून बसून तिला नत्थुजींचा आकार आला होता. दुसरा कोणी बसला की ती करकरायची. समोर खिडकी, खिडकीतून सगळा रस्ता दिसे: कोण एसटीतून उतरलं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून माहेरी निघाली. आणि मागच्या खोलीला काय होतं? एक उंदीर होता. नत्थुजींची झोप उडाली.

सुभद्राबाईनं कंबर कसली. रोज संध्याकाळी ती त्यांना गच्चीवर उभं करी आणि स्वतः अंगणात उभी राही.

"वरडा!"

"काय वरडू?"

"काहीबी वरडा! माह्या नावानं वरडा! सारं गाव वरडते आपापल्या बायकोवर, तुमीच काहून राहिले?"

नत्थुजींनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आतून निघाला तो नव्यानं आरवायला शिकलेल्या कोंबड्याचा आवाज. शेजारच्या माणिकबाई धावत बाहेर आल्या. "काय झालं वं सुभद्रे? कोनाले पकडलं का मांजरीनं?"

पहिला शनिवार उजाडला. करिश्मानं माईक लावला, स्पीकरची पेटी लावली, सतरंजी टाकली. शाळा सुटली तशी पोरं रांगेनं आली, आणि दारात येऊन थबकली. समोर खुर्चीत नत्थुजी! आईबापांनी लहानपणापासून ज्याचं नाव घेऊन गप्प केलं, तो माणूस. कोणी काही सांगायच्या आत सगळी पोरं बसली: हाताची घडी, तोंडावर बोट.

नत्थुजींना काय सुंदर वाटलं म्हणता! एवढी शिस्त त्यांनी मोठ्या माणसांतही पाहिली नव्हती. इथंच तास संपवावा असं त्यांना वाटलं, पण करिश्मानं माईक पुढं केला. त्यांनी गच्चीवरचा आवाज काढला. पेटी किंचाळली. नत्थुजींनी सवयीनं पेटीलाच "श्श!" केलं, ते माईकमधून इतकं मोठं झालं की पहिल्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं, त्याचं पाहून दुसरं, आणि थोड्याच वेळात सतरंजीवर कोणाचीतरी एक चप्पल तेवढी उरली.

"एक शनिवार गेला," दाऊदभाई पेपरामागून हळूच म्हणाले.

नत्थुजींना पट्टी मारायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या शनिवारी कोणीच आलं नाही. दाऊदभाईंबरोबर त्यांची नात तेवढी होती, आमिना. आजोबाचा पेपर संपेपर्यंत ती पायऱ्यांवर बसायची. आज ऊन होतं म्हणून आत आली. करिश्मानं पेटी लावलीच नव्हती. नत्थुजी रिकाम्या सतरंजीच्या कडेला येऊन बसले, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहत. उंदीर काय करत असेल आता?

"आजोबा," आमिना म्हणाली, "तुमी काहून हळू बोलता? कोनी झोपलं आहे का?"

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. काय मनात आलं कोण जाणे, ते आणखीच हळू म्हणाले, "हो."

"कोन?"

"डुक्कर."

आमिना सरकून जवळ आली. "कुठी?"

"तुरीत. एवढं मोठं रानडुक्कर. रातभर हरभरा खाल्ला, आन सकाळी तुरीत जाऊन निजलं. आन म्हातारी निघाली शेंगा तोडाले. तिले काय माहीत? हळूच एक झाड वाकवते, तं पाहते काय... कान!"

"मंग?" आमिनाही आता कुजबुजायला लागली.

"मंग म्हातारी हलते कशाची! वारा आला तं त्याले म्हणते, हळू बावा. चिमणी आली तं तिले म्हणते, उडू नको वं, पंख वाजतात..."

गोष्ट अशी चालली की दाऊदभाईंनी पेपर खाली केला. नत्थुजींना दुसरं काही येत नव्हतं, पण गप्प कसं बसवायचं ते येत होतं. आणि या गोष्टीत बसवायचं होतं अख्ख्या रानाला. म्हातारीनं टोपलं गप्प केलं, बांगड्या गप्प केल्या, विहिरीवरची मोट गप्प केली. डुक्कर काही उठलं नाही. पेपर संपला, दाऊदभाईंनी आमिनाला हात धरून नेलं तेव्हाही ते तुरीतच होतं.

"उठन का ते?" तिनं दारातून विचारलं.

"पुढच्या शनिवारी पाहू," नत्थुजी म्हणाले. त्यांनाच माहीत नव्हतं.

आता गावाचा एक नियम आहे. दवंडी पिटून सांगितलेलं कोणी ऐकत नाही. कानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत अकोटला पोचतं. आमिनानं सोमवारी शाळेत मैत्रिणीच्या कानात सांगितलं, "वाचनालयात डुक्कर झोपलं आहे, कोनाले सांगजो नोको." झालं! खुशालरावांनी रिक्षा फिरवली असती तरी एवढं काम झालं नसतं.

तिसऱ्या शनिवारी दारात चपलांचा ढीग पडला. पोरं आली ती चवड्यांवर चालत. नत्थुजींनी खुर्चीकडे पाहिलं, पण खुर्चीतून बोललेलं ऐकू कोणाला जाणार? ते सतरंजीवर बसले. पोरं सरकत सरकत अशी जवळ आली की एकाचं डोकं त्यांच्या मांडीवर, एकाची कोपर त्यांच्या पोटात. जसजसे ते आवाज कमी करत, तसतशी पोरं आणखी सरकत. वरच्या अभ्यासिकेतली दोन मोठी पोरंही जिन्यावर येऊन बसली होती, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून, अभ्यास करत असल्यासारखी.

नेमके तेव्हाच खुशालराव निकाल लावायला आले. बाहेरून त्यांना काही ऐकू येईना. दार ढकलत ते आपल्या ट्रॅक्टरी आवाजात म्हणाले, "काय नत्थुजी, बंद पडला वाट्टे तुमचा—"

"श्श!!"

सगळी पोरं एकदम वळली होती. सगळ्यांची बोटं ओठांवर. दाऊदभाईंचंसुद्धा.

"डुक्कर जागं होईन ना!" आमिना कुजबुजली.

गावात खुशालरावांना गप्प बसवणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. ते उभ्या जागी चवड्यांवर आले, चपला काढल्या आणि सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसले. जरा वेळानं ते बाजूच्या पोराच्या कानात विचारताना दिसले, "कुठी आहे रे डुक्कर?"

"तुरीत. हळू."

म्हातारी शेवटच्या झाडापर्यंत आली होती. एक शेंग उरली होती, ती नेमकी डुकराच्या नाकाजवळ. म्हातारीनं हात लांब केला... आणि बाहेर बँड वाजला.

लग्नसराईच होती ती. वरात थेट दारापर्यंत आली, ढोल, झांजा, सगळं. दाऊदभाईंनी नत्थुजींकडे पाहिलं. करिश्मानं पाहिलं. बाहेर बँडवाल्यानंही खिडकीतून बिचकत पाहिलं. जुना अनुभव होता त्याला. नत्थुजी अर्धे उठले. बोट सवयीनं ओठांकडे निघालं, निम्म्यावर आलं, आणि तिथंच थांबलं. पोरांचे डोळे त्या बोटावर. एवढ्या आवाजात डुक्कर झोपून कसं राहील?

नत्थुजींनी ते बोट सरळ खिडकीबाहेर रोखलं, छाती भरून घेतली आणि आरोळी ठोकली, "उठलं रे उठलं! पळा!"

कोंबडा नव्हता तो. एवढी वर्षं आत साठवून ठेवलेला सगळा आवाज होता. पोरं जी किंचाळत सुटली, ती जिन्यावरून, टेबलाखालून, कपाटांमागून, थेट वरातीत. पाठोपाठ जिन्यावरची ती दोन मोठी पोरं. बँडवाल्याला वाटलं आपल्यालाच शाबासकी मिळाली. त्यानं आणखी जोर लावला. आणि सगळ्यांच्या आधी, अनवाणी, बाहेर पोचले होते ते खुशालराव.

गर्दी पांगल्यावर ते धापा टाकत परत आले. पोट धरून हसत होते.

"लेकहो, नत्थुजी! अबे काय माणूस आहे हा! जा, खुर्ची तुमची. कोनी हात लावनार नाही तिले."

नत्थुजींनी वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग सतरंजीकडे, जिथं पोरांनी त्यांना बसायला ठेवलेली खळग्याएवढी जागा अजून दिसत होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर घसा पार गेला होता. होता नव्हता तेवढा आवाज खर्च झाला होता. त्यांनी खुशालरावांना खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "करिश्माले द्या खुर्ची. मले सतरंजी मोठी पायजे. आमिना म्हणते, पुढच्या शनिवारी पातूरहून तिची आत्या पोट्टे घेऊन येऊन राहिली."

संध्याकाळी घरी सुभद्राबाईनं भाकर वाढली. नत्थुजींनी भाजी मागितली, तर ओठ हलले, आवाजच नाही.

"कुठी वरडून आले?" तिनं कंबरेवर हात ठेवले. "इतके दिवस मी तुमाले गच्चीवर उभं केलं, तं माह्या नावानं एक हाक निंघाली नाही, आन आज कोनासाठी घसा फोडला?"

नत्थुजींनी पाटावर बोटानं डुकराचं शेपूट काढून दाखवलं. तिला काही ते कळलं नाही.

सोमवारी करिश्मा वेताच्या खुर्चीत बसली; खुर्ची दिवसभर करकरली. नत्थुजींनी आपली पट्टी आणून तिच्या हातात दिली. करिश्मानं ती उलटीसुलटी करून पाहिली, मग खिडकी वाऱ्यानं आपटत होती, तिच्या फटीत खोचून टाकली. खिडकी उघडी राहिली. बाहेर कुठंतरी बँडवाला नव्या गाण्याची तालीम करत होता, आणि दाऊदभाईंना उचकी लागली होती. ते आतच बसून उचक्या देत राहिले.