मध्यंतरातली सोबत

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही ती बाजूला ठेवूनच जोडते. मग तुम्हालाच का सांगतेय? मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

गावात विचाराल तर माझं नाव चांगलंच निघेल. मांडवगणात बायका आपापल्या सुनांना माझा दाखला देतात — "सासूचं करावं तर सुनंदानं केलं तसं." असं कानावर आलं की मी भांडी आपटायला लागते. त्यांना वाटतं, बाई लाजली.

तर — आम्ही पिच्चरला गेलो होतो. वैशाखातले दिवस. नणंद केंदूरहून माहेरपणाला आली होती आणि तिला तो नवा ऐतिहासिक पिच्चर बघायचाच होता. तीन तासांच्या वरचा. नवऱ्याची कुरकुंभच्या कंपनीत दुसरी पाळी होती, जाता जाता त्याने आम्हा तिघींना दौंडच्या थेटरापाशी उतरवलं. मी, नणंद आणि आत्या. आत्या म्हणजे माझी सासू — आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "आयकडं ध्यान ठिव गं," गाडीतून मान बाहेर काढून तो म्हणाला. मला म्हणाला, बहिणीला नाही.

ध्यान ठेवायचं, कारण आत्याला विसर पडायला लागला होता. निदान घरात सगळे तसं म्हणत. मी म्हणत नव्हते. मला वाटायचं, सोंग आहे. का वाटू नये? जाऊबाईंच्या घरच्या हळदी-कुंकवात, भरल्या बायकांत, ती म्हणाली होती, "माजी बोरमाळ सुनंनं म्हायेरी पोचवली." बोरमाळ निघाली हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, तिनेच ठेवलेली. मी ती तिच्यापुढे धरली तर म्हणते कशी — "म्या कवा म्हनलं तसं?" आणि माझ्या लग्नात मानपानाच्या साड्या हलक्या निघाल्या, ते मात्र तिला साडीच्या काठासकट आठवायचं. असा कुठं विसर असतो का? सोयीचा?

थांबा. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला उगीच सूट द्याल.

मी नवी नवरी होते तेव्हा घरात संडास नव्हता. उसाच्या कडेला जावं लागायचं, आणि उसात बिबट्या. मी भीतीने कळ दाबून धरायची. आत्याच्या ते ध्यानात आलं. त्यानंतर मी कधीही हाक मारली की ती काठी घेऊन उठायची. माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, मधून मधून खाकरायची, म्हणजे कोणी पुरुष त्या बाजूला येऊ नये. दिवसभर मला टोमणे मारणारी बाई — पण ह्या कामाला तिने एकदाही कुरकुर केली नाही. आमच्याकडे बाईमाणूस तेवढ्याला एकटं जात नाही. सोबत लागते. ती मागायची नसते, ती असतेच.

थेटरात पाणी पिऊ नका, असं मी आत्याला आधीच बजावलं होतं. तरी मध्यंतराच्या बऱ्याच आधीपासून ती चुळबुळ करायला लागली. "सुनंदे, मला जायाचंय." मी म्हणाले, "होईल आता इंटरवल, दम धरा." थोड्या वेळाने तिने माझं मनगट धरलं. एसीत तिचा हात गार पडला होता. मी माझा हात काढून घेतला, पिच्चर रंगात आला होता.

मध्यंतर झालं. नणंद पिशव्या सांभाळत जागेवरच बसली. मी आत्याला घेऊन गेले. बायकांची ही रांग. मी आधी आटपून बाहेर आले. बाहेर लांब बोळ होता. एका अंगाला आमच्या पडद्याचं दार, दुसऱ्या अंगाला रस्त्यावरचं गेट. मध्ये पिच्चरमधल्या वीराचा पुरुषभर उंच पुठ्ठ्याचा पुतळा, पोरं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती.

मी त्या पुठ्ठ्यामागे जाऊन उभी राहिले.

का? बघू तरी, खरंच चुकते का. एवढंच मनात होतं — की एवढंच होतं असं मी आजवर स्वतःला सांगत आले? खरं सांगते, तिला घाबरलेली बघायची होती मला. भरल्या माणसांत. थोडीशीच.

ती बाहेर आली. पदराला हात पुसले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. माणसं पॉपकॉर्न घेऊन तिला धक्के देत चालली होती. "सुनंदे," ती म्हणाली. हळूच, आपण भलत्या घरात शिरलोय की काय, अशा सुरात. मग जरा मोठ्याने, "सुनंदे, कुठं हायस गं?" मी हाकेच्या अंतरावर नव्हते, हाताच्या अंतरावर होते. घंटा वाजली. बोळ रिकामा झाला. आत्या उजेडाच्या दिशेने चालायला लागली, आणि उजेड गेटाकडे होता. गेटवरचा माणूस मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. ती बाहेर पडली, हे मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं.

तेव्हा तरी धावायचं होतं ना? मी म्हटलं, येईल की. नाटकं. आणि आत जाऊन बसले.

"आय कुठंय?" नणंदेने विचारलं.

"बाहेर पंख्याखाली बसवलंय. एसीनं पाय आखडले म्हणाल्या."

मी खोटं बोलले आणि ते इतकं सरळ तोंडातून आलं की मलाच ते दृश्य दिसलं. पंखा, बाकडं, आत्या. पुढचा पिच्चर मला आठवत नाही, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण आठवतो. सगळा आठवतो. शेवटी तो वीर पडला तेव्हा मी रडले. पदर तोंडाला लावून, हमसून हमसून रडले. बाहेर डांबर वितळायची वेळ होती.

पिच्चर सुटला. बाकडंच नव्हतं बोळात, तर आत्या कुठली? नणंदेने हंबरडा फोडला. आम्ही रस्ता, चहाची टपरी, मागचं पार्किंग, सगळं पालथं घातलं. मला धास्ती बसली होती. ती आत्यासाठी होती का स्वतःसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. कुरकुंभ रस्त्याला पंक्चरचं दुकान असलेले इस्माईलभाई आत्याला घेऊन आले होते. एक पाय अनवाणी, लुगडं मागून ओलं, ओठ पांढरे.

"आजी भर उन्हात रोडनं चालल्या व्हत्या," ते म्हणाले. "इचारलं तर म्हनत्यात, सून थेटरात हाय, तिला बोलवू नगा, तिचा पिच्चर बुडल. आवो, आसं एकटं कसं सोडलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "चांगलं बसवून गेले होते. त्याच उठून गेल्या. त्यांना कुठं भान असतं?"

नवरा पाळी टाकून धावत आला. आईचा तो पाय मांडीवर घेऊन रिक्षातच बसून राहिला. "चूक आपलीच," तो मला म्हणाला, "आयला आता कुठं न्यायचं न्हाई." वर माझीच समजूत काढली त्याने.

आत्याला साखरेचा आजार होता. तळपायाचे फोड भरलेच नाहीत. आधी करंगळी काळी पडली, मग ती काढावी लागली, मग जखम वर चढत गेली. तिचं चालणं संपलं. बाथरूमला न्यायला फक्त मीच लागायची. नणंद आली, लेक पुढे झाला, तरी ती त्यांचा हात झिडकारायची. "सुनंदा कुठंय?" मी तिचं सगळं केलं. रात्रीबेरात्री उठले, धुतलं, पुसलं. ह्याचंच गाव कौतुक करतं.

आणि आता जे सांगायला बसले ते. आत्तापर्यंतचं कदाचित मी कोणाजवळ तरी बोलले असते. हे नसतं बोलले.

ती जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. सकाळी मी तिला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं होतं, पाठीवर पाणी ओतत होते. तिने मान वर केली. डोळे एकदम स्वच्छ, पूर्वीसारखे.

"त्या दिशी तू थितंच हुतीस, सुनंदे," ती म्हणाली. "त्या पुठ्ठ्याच्या मागं. खालनं तुजं पाय दिसत हुतं मला."

मी तिच्या पाठीवर आणखी एक तांब्या ओतला.

"म्या कुनाला बोलले न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "बोलले तर मला हितवर आननार कोन?"

मी तिचे पाय धरायला हवे होते. ती जागा होती, ती वेळ होती, घरात आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं. ती ऐकायला शुद्धीत होती. आणि मी काय म्हणाले?

"काहीतरीच काय, आत्या. तुम्हाला भास झाला. मी तर आत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतलं ते पाणी हळूहळू गढूळ होत गेलं, मी बघत असताना.

"आसंल," ती म्हणाली. "आसंल बाई."

त्या दिवशी नवरा पहिल्या पाळीवरून घरी आला, आईजवळ बसला. तिने त्याचा हात धरला आणि घाबऱ्याघुबऱ्या आवाजात त्याला सांगितलं — "मला आता भास बी व्हाया लागल्यात रं. चांगल्या मान्साबद्दल वंगाळ दिसतंय."

मी चहा गाळत होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी कप भरला आणि त्याला चहा नेऊन दिला.