लाल खिडकी, हिरवी खिडकी

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. मागच्या महिन्यात संतपूरहून सुजाताच्या भावाचा फोन आला, "अण्णा, अक्का गेली…" आणि टाळायला कारणच उरलं नाही.

बीदरला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी हेडक्लार्क होतो. सुजाता संगणक सांभाळायची, अजून हंगामी होती. तिचं काम काळ्या खिडकीत चाले. तिथे माऊस कामाचा नाही; हुकूम टाइप करायचा आणि संगणक तो काही न विचारता पाळतो. अशा दोन खिडक्या कायम उघड्या असत. एकीत विद्यार्थ्यांच्या खऱ्या नोंदी, दुसरीत सरावासाठी मागच्या वर्षीच्या नोंदींची नक्कल. दिसायला दोन्ही सारख्या. म्हणून तिनं खरी खिडकी गडद लाल केली, सरावाची हिरवी, आणि अक्षरं दारातून वाचता येतील एवढी मोठी.

"कामून रंगवायलीस? लग्नाचा मांडव हाय का?" मी म्हणालो.

"मांडव न्हाई अण्णा, रेल्वेचं फाटक हाय. लाल दिसलं की हात थांबतोय. तुमचा तर थांबलाच पायजे."

सगळे हसले. मला ते लागलं.

ती रजेवर असताना तपासणी ठरली. पाहुण्यांसमोर हा पोरकटपणा नको म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मी दोन्ही खिडक्या पुन्हा काळ्या केल्या. मग सरावाच्या नोंदी पुसायला घेतल्या… पुसल्या त्या खऱ्या. त्या वर्षीचे सगळे प्रवेश गेले. संस्थेच्या सचिवांनी विचारलं, संगणक कुणाकडे? मी म्हणालो, "सुजाताकडं. खिडक्या उघड्या ठेवून रजेवर गेलीय." यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या तिनं माझ्या सोयीसाठी उघड्या ठेवल्या होत्या.

परतल्यावर तिनं पडद्याकडं पाहिलं. "अण्णा, रंग कुणी काढले?"

"मला काय म्हाईत."

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. कागदी अर्ज काढून अठरा दिवसांत तिनं एकटीनं सगळं भरलं. तरी कायम होणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव गेलं. तिला कमलनगरच्या शाखेत पाठवलं, तिथं ती शेवटपर्यंत हंगामीच राहिली.

तिच्या हातून एकही नोंद गेली नाही. तिच्याबरोबर काम केलेल्यांनी हे नीट वाचावं. चूक माझी होती.

निवृत्तीनंतर एकदा ठरवून कमलनगरला गेलो. तिनं चहा मागवला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "अण्णा, कायतरी बोलायला आलाव वाटायलंय."

"न्हाई गं. इकडनं चाललो होतो."

ती स्टँडपर्यंत सोडायला आली. बस सुटायला वेळ होता, तोवर माझ्याशेजारी उभी राहिली. रंग मी काढले, सुजाता, मला माफ कर… एवढं म्हणायला तो वेळ पुष्कळ होता.