मोटारीची वाटणी

माझ्या नवऱ्याची आणि धाकट्या दिराची वाटणी झाली तेव्हा शेतं वाटली, बैल वाटले, भांडीसुद्धा वाटली. उरली सासऱ्यांची मोटार. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतातून चालायचा त्या दिवसांत, नागपूरला बदली झालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून सासऱ्यांनी ती घेतली होती. लांब नाकाची, उघडी, शर्यतीत पळवायची, आणि बसायला जागा दोनच. तिच्यावरचा हक्क कोणीच सोडेना. मग पंचांनी अक्कल पाजळली. मोटार थोरल्याच्या गोठ्यात राहील आणि तिचा गिअरबॉक्स काढून धाकट्याच्या घरी राहील. म्हणजे एकमेकांवाचून ती कोणालाच चालवता यायची नाही. एवढा न्याय करून पंच मिशांवर ताव देत उठले.

त्याच पंचांनी आमच्या दोन स्वयंपाकघरांमधलं दार विटांनी बुजवलं. मोटार गेली खड्ड्यात, मला संताप त्या दाराचा होता. पलीकडे माझी जाऊ होती. तिला आई नव्हती. तिची आधीची बाळंतपणं मीच केली होती, आणि आता ती पुन्हा पोटुशी होती. मला मात्र बजावलं होतं, तिकडे पाऊल टाकायचं नाही. भिंतीपलीकडे तिची भांडी वाजायची आणि मी इकडे आदळआपट करायची.

दिवस भरत आले तेव्हा सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, कळा सुरू व्हायच्या आत मलकापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या. बैलगाडीचे हिसके तिला सोसणार नव्हते. दीर गिअरबॉक्स छकड्यात घालून तडक आमच्या अंगणात आला.

नवऱ्यानं नाही म्हटलं नाही, एवढं खरं. पण भावाशी शब्दही बोलला नाही. दोघांनी मोटार गोठ्यातून ढकलत अंगणात आणली, खाली लाकडाचे ठोकळे लावले, बैठका काढल्या, पायाखालच्या फळ्या उचकटल्या. नवरा गिअरबॉक्स छातीवर घेऊन मोटारीखाली पाठीवर सरकला. दिरानं वरून दोर बांधून तो तोलला. गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा क्लचच्या तबकडीत सरळ शिरावा लागतो. खालच्यानं उचलायचं, वरच्यानं फिरवायचं, तेही एकाच वेळी. आणि हे दोघे तर अबोल्यात. मग मला मडगार्डपाशी उभं केलं.

"वहिनी, सांगा त्यायले, जरासं डावीकडे घ्या."

"सांग त्याले, मले समजते."

"सांगा, मांगून वर उचला म्हणा."

"सांग, आंधी दोर ढिला कर म्हणा."

फळ्या काढलेल्या भोकातून दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. तरी निरोप माझ्या तोंडून! पलीकडून जावेचं कण्हणं ऐकू येत होतं. दांडा तोंडाशी यायचा, घासायचा आणि मागे सरायचा. पुन्हा 'सांगा', पुन्हा 'सांग'. ऊन डोक्यावर आलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी आता काई सांगत नाही," मी ओरडले. "थे तिकडे मरून राह्यली अन् तुमी मले निरोप देऊन राह्यले? लाजा नाही वाटत?"

पाठ फिरवून मी सरळ दिराच्या घरात शिरले. पाऊल टाकायचं नाही म्हणे! जावेचं डोकं मांडीवर घेतलं. "जाऊबाई, आल्या तुमी?" एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. मलाही रडू आवरेना.

इतक्यात अंगणातून नवऱ्याचा आवाज आला. "अबे दाबू नको, गिअरात टाक अन् फिरव! छाती फुटून राह्यली माही!"

"फिरवून राह्यलो नं, दादा!"

मग दांडा आत बसल्याचा खट्ट आवाज झाला. वाटणीनंतर मी 'दादा' पहिल्यांदा ऐकला. आनंद व्हायला हवा होता, पण मला आणखीच चीड आली. स्वतःच्या छातीवर वजन आलं तेव्हा कुठे यांना वाचा फुटली!

बोल्ट आवळले, बैठका लावल्या आणि आम्ही निघालो. नवरा चालवायला, शेजारी जाऊ, आणि तिला धरून त्याच जागेत मी, अंग चोरून. कोणी बोलावलं नव्हतं, मीच बसले. मलकापूरला डॉक्टरीणबाईंनी शिकस्त केली. मुलगी झाली आणि दोघी वाचल्या.

जावेला हिंडायफिरायची मोकळीक मिळाल्यावर तशाच दाटीवाटीनं आम्ही परत आलो. दिराच्या दारात मोटार थांबवून नवरा खाली उतरला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून लाडानं म्हणाला, "उद्या पाने घेऊन ये. गिअरची पेटी काढू अन् तुह्या घरी नेऊन ठेवू. पंचायचा शब्द हाय."

"हाव, दादा," दीर म्हणाला.

केवढा तो गोडवा! जावेनं एक पाय खाली टाकला होता. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाय आत घेतला. मी नवऱ्याच्या जागेवर सरकले.

"काढा पेटी," मी म्हणाले. "आमी वर बसून राह्यतो. आमाले उतरवाचं असन तं आंधी भितीतल्या इटा काढा."

"उतर खाली. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"अन् पंचायले काय सांगू?"

माझ्या नवऱ्यापुढे आजवर कधी तोंड न उघडलेल्या माझ्या जावेनं लेकीला छातीशी धरलं आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, "सांगा, बाया उतरत नाहीत."

पहार दिरानंच आणली.