माशीताईंचं शिफारसपत्र

जीवशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक अरुंद खोली आहे. तिथे एक बाई चौदा वर्षं माश्या पाळत होत्या. घरात जेवणावर बसतात त्या माश्या नव्हेत. पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावतात त्या चिमुकल्या फळमाश्या. संशोधन करणाऱ्यांना त्या लागतात, आणि लागतात तेव्हा ताज्या, जातवार आणि वेळेवर लागतात. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून त्यांचा खाऊ करायचा, बाटल्यांत ओतायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि दर पंधरा दिवसांनी जुन्या बाटलीतलं बिऱ्हाड नव्या बाटलीत हलवायचं. एक खेप चुकली की अख्खा वंश बुडाला. या बाईंना सगळा विभाग माशीताई म्हणे. नाव लाडाचं की हेटाळणीचं, हे म्हणणाऱ्याच्या सुरावर होतं. त्यांनी त्याचा कधी बाऊ केला नाही.

माशीताईंनी एम.एस्सी. पहिल्या वर्गात केली होती, हे विभागातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. पुढे पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला होता, पण बिनविद्यावेतनाचा. त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगवायू झाला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. मोठ्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना माश्यांच्या खोलीत घेतलं. सहा महिन्यांची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढत गेली. वडील अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि मग गेले. घरात उरल्या आई आणि माशीताई.

स्वतःला विद्यावेतन मिळालं नाही म्हणून असेल, पण दुसऱ्यांना ते मिळवून देण्याचा त्यांना नाद लागला. कुठली संस्था फक्त परीक्षेतले गुण बघते, कुठली मुलाखतीला महत्त्व देते, कुठे उत्पन्नाचा दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, कुठल्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात पैसे शिल्लक आहेत आणि कुठल्याच्या फक्त गप्पा आहेत, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मुलं माश्या न्यायला येत आणि जाताना सल्ला घेऊन जात. "प्रवेश मिळाला म्हणून नाचू नकोस," त्या एखादीला सांगत. "आधी विचार, पैसे किती वर्षांचे आहेत. पहिल्या वर्षी देतात आणि दुसऱ्या वर्षी तोंडाला पानं पुसतात. आणि प्राध्यापकाला पत्र लिहिताना त्याचा निदान एक लेख वाचून लिही. 'आपल्या थोर कार्याने भारावून' वगैरे लिहिलंस तर कचऱ्यात जाईल." बोलताना हात चालूच असत. बारीक कुंचल्याने सूक्ष्मदर्शकाखालच्या गुंगी दिलेल्या माश्यांतून नर एकीकडे, माद्या दुसरीकडे.

या सगळ्यात मुख्य काम होतं शिफारसपत्राचं. जीवशास्त्रात पुढे जायचं तर मार्गदर्शकाचं पत्र लागतंच, आणि मोठ्या सरांना पत्र लिहायचा मनस्वी कंटाळा. पूर्वी ते मुलांनाच सांगत, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." मुलं लिहीत ते बघण्यासारखं असे, एकाने स्वतःला युगपुरुष ठरवलं होतं. मग सरांनी ते काम माशीताईंकडे सोपवलं. त्या मुलाला खोलीत बसवून तासभर बोलतं करीत, त्याच्या वह्या चाळीत, आणि मग सरांच्या नावाने असं पत्र लिहीत की वाचणाऱ्याला मूल समोर दिसावं. 'हिचा प्रयोग तीनदा फसला, चौथ्यांदा तिने प्रश्नच बदलला, आणि तो बदललेला प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा चांगला होता.' अशी वाक्यं. सर न वाचता सही करीत. चहाचा पेला डाव्या हातात, पेन उजव्या. शहरातल्या मोठ्या शिष्यवृत्ती संस्थेकडून एकामागून एक चौघांना विद्यावेतन मिळालं. सरांची पत्रं फार जिवंत असतात, अशी त्या संस्थेत ख्याती झाली. सरांनाही हळूहळू ते खरं वाटू लागलं होतं.

त्याच संस्थेने त्या वर्षी नवं विद्यावेतन काढलं. शिक्षणात खंड पडलेल्यांनी पुन्हा संशोधनाला यावं म्हणून. चार वर्षं, पुरेसे पैसे, अट एकच: वय चाळिसाच्या आत. माशीताईंना एकोणचाळीस पुरी होऊन दहा महिने झाले होते. सूचना त्यांनीच फळ्यावर लावली, चार टाचण्या टोचल्या, आणि खोलीत येऊन चाळिशीला उरलेले दिवस बोटांवर मोजले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चाळिशीत शाळेत जाणार? लोक काय म्हणतील ते सोड, तुझ्या माश्या काय म्हणतील?" आणि मग भांडी विसळता विसळता, पाठमोरीच, "भर अर्ज. तुझ्या बाबांच्या आजारपणात मी तुला अडकवलं. माझ्या जिवाला लागून राहिलंय ते." हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं. पण विद्यावेतन मिळाल्याशिवाय नोकरी सोडणं शक्यच नव्हतं. घरभाडं आणि आईची औषधं थांबणारी नव्हती. मिळालं तर जायचं, नाहीतर माश्या आहेतच.

सांगण्यासारखं काम त्यांच्याकडे होतं. तीन वर्षं त्या आपल्या हौसेने एक मोजणी करीत होत्या. ज्या माद्यांना लहानपणी अर्धाच खाऊ मिळाला, त्यांच्या मुली पोटभर खाऊनही अंडी उशिरा घालत. आईच्या उपासाची आठवण मुलीच्या अंगात कशी उतरते, हा त्यांचा प्रश्न होता. दोन जाडजूड वह्या भरल्या होत्या. त्या वह्या त्यांनी एकदा सरांच्या टेबलावर ठेवल्या होत्या, आणि शेवटच्या पानावर सही होऊन त्या परत आल्या होत्या.

अर्ज झाला, आराखडा झाला. राहिलं शिफारसपत्र. सर म्हणाले, "तुझं तूच लिही की. आपला हात जगन्नाथ." आणि हसले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माशीताई संगणकापुढे बसल्या. दुसऱ्यांसाठी जे तासात होई, त्याला तीन दुपारी लागल्या. 'स्वतंत्र बुद्धीची' असं लिहिलं आणि पुसलं. असं सर म्हणतील? 'तिने विचारलेला प्रश्न मला सुचला नव्हता' असं लिहिलं, कान तापले, तेही पुसलं. मुलांविषयी लिहिताना त्यांना आपण खोटं बोलतोय असं कधी वाटलं नव्हतं. सरांनी पाहिलं असतं तर हेच लिहिलं असतं, अशी खात्री असे. आता मात्र प्रत्येक बरा शब्द सरांच्या खिशातून चोरल्यासारखा वाटू लागला. माश्या न्यायला नेहमी येणारी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारातून म्हणाली, "ताई, तुमचं मी लिहू का? फक्कड लिहीन."

"नको गं. माझं काम बोलेल," माशीताई म्हणाल्या.

पुसून पुसून जे उरलं ते असं होतं: 'प्रामाणिक आहे. कामात अत्यंत नियमित. हाताला स्वच्छता. चौदा वर्षांत एकदाही विनापरवानगी गैरहजर नाही. तिच्यावर सोपवलेली जबाबदारी पुन्हा तपासावी लागत नाही.' एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना वाटलं, निदान आपल्या बाबतीत तरी पत्र अस्सल असावं. सरांनी सही केली. पाकीट चिकटवलं. इतका प्रामाणिकपणा कुणाच्या कामी आल्याचं ऐकिवात नाही, पण तेव्हा त्यांना हे सांगणार कोण?

मुलाखत लांबट खोलीत होती. समितीत तिघं. अध्यक्ष, कागदपत्रं सांभाळणारे एक गृहस्थ, आणि पिकल्या केसांच्या एक वैज्ञानिक बाई. बाईंनी मोजणीबद्दल विचारलं आणि माशीताईंची भीड चेपली. खाऊ निम्मा कसा केला, बाटलीत गर्दी होऊ नये म्हणून अंडी मोजून कशी घातली, दुसऱ्या वर्षी बुरशीने सगळं गेलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून कसं केलं. बाई पुढे सरकून बसल्या. "आणि नातींचं काय?" त्यांनी विचारलं. "नातींमध्येही दिसतं," माशीताई म्हणाल्या, "पण कमी. का ते मला कळलेलं नाही. त्यासाठीच यायचंय." बाई अध्यक्षांकडे बघून हसल्या. इतकं सुख माशीताईंना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग अध्यक्षांनी पाकीट उघडलं. वाचलं, उलटून मागे काही आहे का पाहिलं, पुन्हा वाचलं.

"तुमच्या सरांना या मोजणीची कल्पना आहे?"

"हो. त्यांनी वहीवर सही केलीय."

"मग इथे त्याचा उल्लेख नाही. त्यांची पत्रं आम्ही वाचलेली आहेत. साध्या साध्या मुलाविषयी ते दोन पानं लिहितात. तुमच्याविषयी पाच ओळी, त्याही हजेरीच्या." आवाज कडक नव्हता. "एवढी मोठी कल्पना तुमची स्वतःची असेल, तर चौदा वर्षं तुम्हाला जवळून पाहिलेला माणूस गप्प का?"

उत्तर माशीताईंच्या जिभेवर होतं. पत्र मीच लिहिलंय. सगळीच मी लिहिलीत. एवढं म्हटलं की सुटल्या. पण समोरच्या भिंतीवर आजवर निवडलेल्यांच्या नावांची पाटी होती आणि तिच्यावर त्यांची चौघं होती. दोघांचं विद्यावेतन अजून चालू होतं, दरवर्षी याच समितीपुढे नूतनीकरणाला जायचं. त्यांची पत्रं बाहेर निघाली असती. सरांचं नाव गेलं असतं ते वेगळंच. पोरांनी काय गुन्हा केला होता? माशीताई त्या पाटीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यांना वेळ नसतो."

"बरं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कल्पना कुणा विद्यार्थ्याची असावी आणि बाई ती आपली म्हणून सांगत असाव्यात, अशी शंका त्यांना आली होती. ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि माशीताईंना ती खोडता येत नव्हती. बाहेर येऊन त्या जिन्यात बसल्या. रडू आलं नाही. आपल्याच हाताने आपल्या तोंडावर पट्टी बांधून आपण आत गेलो होतो, याची चीड मात्र आली.

नकार दहा दिवसांनी आला, दोन ओळींचा. आईने तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "नीट वाच, तुझंच आहे ना?" मग संध्याकाळभर ती माशीताईंच्या मागे मागे, हे देऊ का, ते देऊ का, करत राहिली. पुढच्या महिन्यात माशीताईंना चाळीस पुरी झाली.

त्यानंतरच्या सोमवारी मोठ्या सरांनी बोलावलं. त्यांना त्या वैज्ञानिक बाईंचा फोन आला होता. उमेदवार फार चांगली होती, पण तुमच्या पत्राने घात केला. तुम्हाला तिला सोडायचं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं होतं. सर वरमले होते आणि चिडलेही होते. संगणकावरून पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. आपली सही असलेलं पत्र ते पहिल्यांदाच वाचत होते.

"हे काय लिहिलंस तू? हे काय पत्र झालं? मी सगळ्यांसाठी एवढं भरभरून..." इथे ते अडखळले. "निदान मला सांगायचंस. तुझ्यासाठी मी स्वतः बसून लिहिलं असतं."

"काय लिहिलं असतंत, सर?"

विचारण्यात उद्धटपणा नव्हता. माशीताईंना खरंच ऐकायचं होतं. आपण लाजलो, भिडेपायी स्वतःचं नुकसान केलं, असं त्या महिनाभर स्वतःला सांगत होत्या. सरांनी लिहिलं असतं तर ते वेगळं झालं असतं, एवढ्या एका विचाराचा त्यांना आधार होता.

सरांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते मनापासून आठवू लागले, हे माशीताईंना दिसत होतं. त्या उभ्याच होत्या.

"म्हणजे हेच की," सर शेवटी म्हणाले, आणि त्यांचा स्वर अगदी प्रेमळ होता, "तुझ्यावर काम सोपवलं की मला कधी बघावं लागलं नाही. आणि चौदा वर्षांत तू एक दिवस दांडी मारली नाहीस."

"हो सर," माशीताई म्हणाल्या. "तेच लिहिलंय."