आईनं मोटारीचा दसरा काढला

माझी मोटार धुण्यात गेली, त्यात मोटारीची काहीच चूक नव्हती.

मोटार मूळची सासऱ्यांची. काळी, गोल बोनेटाची, वयानं माझ्याहून मोठी. बरीच वर्षं त्यांच्या गोठ्यात ती कोंबड्या वापरायच्या. मी ती मागून धाराशिवला आणली आणि दोन वर्षं रोज शाळा सुटली की तिच्याखाली जाऊन पडलो. (मी गणिताचा मास्तर. गल्लीतली माणसं माझ्या पायांनाच नमस्कार करून जायची.) कार्बोरेटर साफ केला, ब्रेक बदलले, सोलापूरच्या कारागिराकडून सीटांमध्ये काथ्या भरून वर पिवळं मखमली कापड चढवलं. आमच्या घरात एवढं मऊ दुसरं काही नव्हतं, माणसं धरून!

शेवटी सासऱ्यांचा फोन आला. “जावईबापू, घटस्थापनेला येतोय. येडशीला उतरतो. तिथनं घरापत्तोर मला त्याच मोटारीतनं न्या. वाटंत कुठं न थांबता पोचलो तर मोटार तुमची. न्हाय तर भंगारवाला कवाचा मागं लागलाय, त्याला देऊन टाकतो.”

मी निर्धास्त होतो. आदल्या दिवशी शाळेतून आलो, मोटारीचं दार उघडलं, तर आत नुसता पत्रा!

“आई, सीटा कुठं गेल्या?”

“वाळत घातल्यात.”

आमच्याकडं नवरात्राआधी दसरा काढतात. म्हणजे घरात कापड म्हणून जे जे असेल ते धुवायचं. आईनं गोधड्यांबरोबर माझ्या सीटाही टेम्पोत घालून शेतातल्या विहिरीवर नेल्या होत्या, सोड्यात भिजवल्या होत्या आणि वर धोपटल्या होत्या.

“अगं, सीट कुणी धुतं का?”

“उद्या घरात घट बसायचे आन् दारात पारोसं कापड? लई मळ निघाला बघ. पिवळाधम्मक!”

(तो मळ नव्हता. तो रंग होता!)

“इंजनात कापड न्हाय म्हणून वाचलं,” बायकोनं मला धीर दिला.

सकाळी मी एक सीट दाबून पाहिली. बादलीभर पाणी निघालं. सासऱ्यांच्या रेल्वेची वेळ होत आलेली. मला ती मोटार अगदी मनापासून हवी होती, त्यामुळं रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, सोयाबीनची पोती ठेवा की!”

मागं दोन आडवी पोती, पुढं माझ्यासाठी एक, वर गोधड्या. बसलो तर डोकं छताला टेकलं. मग मी हिशेबानं पोत्याची शिवण उसवली, दोन बादल्या सोयाबीन काढून घेतलं आणि तोंड सुतळीनं बांधलं. गणित बरोबर आलं. गाठ चुकली!

येडशी स्टेशनवर मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) पांढरा फेटा बांधून उभे होते. पोती हातानं चाचपून मागं चढून बसले. मोटार एका चावीत सुरू झाली आणि अशी धावली, की माझा ऊर भरून आला.

“मामा, इंजनचा आवाज ऐकताय ना?”

“आवाज झ्याक हाय. पर ही सळसळ कशाची?”

पहिल्याच गतिरोधकाला सुतळी सुटली होती. सोयाबीन माझ्या खालून वाहत होतं आणि मी खाली खाली चाललो होतो. स्टीअरिंग छातीशी होतं ते हनुवटीशी आलं, मग मी त्याच्या दांड्यांमधून रस्ता पाहू लागलो. थांबलो असतो तर मोटार गेली असती, म्हणून थांबलो नाही.

“जावईबापू, हायत का तुम्ही?”

“आहे, मामा!”

“दिसंना म्हणून इचारलं.”

धाराशिवच्या वेशीपाशी चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. बिनड्रायव्हरची मोटार आणि मागं फेटेवाले म्हातारबुवा! दोघांनी तर हात जोडले. मामांनीही शांतपणे आशीर्वाद दिला.

घरापाशी मोटार थांबवून मी दार उघडलं. आधी सोयाबीन बाहेर आलं, त्याच्यामागून मी.

“आत्ताच अंगण झाडलंय मी!” आई ओरडली.

मामा मात्र मोटारीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांनी भंगारवाल्यालाच फोन लावला, तोही स्पीकरवर.

“मोटार द्यायची न्हाय. एक नंबर चालतीय,” मामा म्हणाले. मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “पर दुसरं एक जुनं हाय घरात. बघता का?”

“वजन किती भरंल, मालक?” पलीकडून विचारणा झाली.

आणि बायकोनं ते, एक किलोही कमी न करता, सांगून टाकलं!